गल्ला भरतो, मग पैसा जातो कुठे?

१९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे ‘लिज्जत’ या नावानं घराघरांत पोचलेल्या या उद्योगाला पहिल्याच वर्षी पावसानं गाठलं. पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. लाटणारे हात तयार होते. घोडं अडलं होतं ते फक्त वाळवणीपाशी. दुसऱ्या वर्षी या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली पेटता स्टोव्ह. पावसाळ्यातही पापड वाळू लागले.

त्याच सुरुवातीच्या काळात या बायका दोन प्रतींचे पापड करत असत, हलकी प्रत थोडी स्वस्तात विकायला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी त्यांना एकाच उत्तम प्रतीवर ठाम राहायला सांगितलं आणि हिशेब चोख ठेवण्याचा आग्रह धरला. काम नेमकं कुठे अडतं, किती प्रकारचा माल करायचा आणि त्याचा हिशेब कसा ठेवायचा, या तीन प्रश्नांवर एका गच्चीवरच्या उद्योगाचं भवितव्य ठरलं. आजचं पोळी-भाजी केंद्र असो, भोसरीतली यंत्रशाळा असो की कोल्हापूरची फाउंड्री, नफा घटला की हेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

प्रत्यक्षात घडतं उलटं. नफा कमी झाला की बहुतेक मालक आधी विक्रीच्या मागे लागतात. नवा फलक लावतात, दहा टक्के सूट जाहीर करतात, घरपोच सेवेच्या अ‍ॅपवर नाव नोंदवतात. विक्री वाढते, धावपळ दुप्पट होते आणि महिनाअखेरीला हातात तेवढेच पैसे उरतात, कधी कधी त्याहून कमी. एकेका वस्तूमागे पैसा गळत असेल तर वस्तू जास्त विकल्यानं गळती वाढणारच. म्हणून विक्री वाढवण्याआधी एक महिना धंद्याच्या पाहणीला द्यावा. या महिन्यात नवीन काही सुरू करू नये, फक्त मोजावं आणि लिहावं.

पाहणीची सुरुवात मालकाच्या खिशापासून करावी. गल्ल्यातून मुलाची फी भरली, घरचा किराणा आणला, गावी पैसे पाठवले, हे सगळं धंद्याच्या खर्चात मिसळलं की धंदा तोट्यात आहे की घर जास्त खर्च करतंय, हे कळायला मार्गच राहत नाही. धंद्याचं बँक खातं वेगळं हवं आणि मालकानं स्वतःला ठरावीक पगार द्यायला हवा. हा पगार खर्चात धरायला लोक का कू करतात. पण सकाळी सहा ते रात्री दहा राबणाऱ्या माणसाची मजुरी शून्य धरून काढलेला नफा खोटा असतो.

आकडे मांडून पाहू. समजा एका पोळी-भाजी केंद्राचं भाडं, दोन मदतनिसांचे पगार, वीज, कर्जाचा हप्ता असा दरमहा ठरलेला खर्च ८०,००० रुपये आहे. शंभर रुपयांच्या विक्रीतले ५८ रुपये कच्चा माल, गॅस आणि नगावर दिलेल्या मजुरीत जातात, ४२ उरतात. म्हणजे फक्त ठरलेला खर्च भागवायला महिन्याला सुमारे १,९०,५०० रुपयांची विक्री हवी. २६ दिवसांनी भागलं तर रोज साधारण ७,३०० रुपये. आता मालकीणबाईंचा २५,००० रुपये पगार त्यात धरला की हाच आकडा महिन्याला २,५०,००० आणि रोजचा ९,६०० च्या पुढे जातो. रोज आठ हजारांचा गल्ला पाहून समाधानी असलेली बाई खरं तर स्वतःच्या मजुरीतला मोठा भाग धंद्याला फुकट देत असते. तिला ते कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच.

याच हिशेबानं सुटीची, म्हणजे सवलतीची, किंमतही कळते. शंभराच्या मालावर दहा रुपये सोडले की ४२ च्या जागी ३२ उरतात. पूर्वीएवढेच पैसे मिळवायला ३१ टक्के जास्त माल विकावा लागतो. तेवढी गर्दी वाढणार असेल आणि तेवढा माल करण्याची ताकद असेल तरच सवलत द्यावी. उलट दर पाच टक्क्यांनी वाढवला तर दहा टक्के गिऱ्हाईक कमी झालं तरी नुकसान होत नाही. दर वाढवायची भीती बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा जास्त असते, विशेषतः जिथे चवीसाठी किंवा हातातल्या कसबासाठी लोक येतात तिथे.

यानंतर वस्तूगणिक हिशेब. हे काम कंटाळवाणं आहे आणि खरा पैसा इथेच सापडतो.

पोळीचंच घ्या. एक किलो कणकेत साधारण ६०० मिलिलिटर पाणी गेलं की १.६ किलो गोळा तयार होतो. उंडा ४० ग्रॅमचा केला तर किलोला ४० पोळ्या होतात. उंडा ४५ ग्रॅमचा झाला तर पस्तीसच. रोजच्या हजार पोळ्यांना पहिल्या मापानं २५ किलो पीठ लागतं, दुसऱ्या मापानं २८ किलोच्या वर. पीठ ४५ रुपये किलो धरलं तर फरक रोजचा १४० रुपये, महिन्याला साडेतीन हजारांहून जास्त. पाच ग्रॅम हाताला समजत नाहीत. ओट्यावर छोटा वजनकाटा ठेवून सकाळी पहिले दहा उंडे तोलून केले की दिवसभर हात त्याच मापात चालतो. गिऱ्हाइकालाही आजची पोळी कालच्याएवढीच मिळते, आणि रोजचा डबा नेणारं गिऱ्हाईक त्यावरच टिकतं. लिज्जतची रीतही मापाचीच आहे. पीठ एका जागी भिजवून बायकांना तोलून दिलं जातं आणि लाटून आणलेले पापड तोलून घेतले जातात.

भाजीत गळती वेगळ्या वाटेनं होते, ती म्हणजे रात्री उरलेल्या पातेल्यातून. उरलेली भाजी कामगारांना दिली किंवा फेकली की ती हिशेबातून नाहीशी होते. भिंतीवर एक कागद लावून रोज रात्री काय उरलं आणि किती किलो उरलं, एवढंच लिहावं. चार आठवड्यांत त्या कागदावर आराखडा दिसू लागतो. एकादशीला, चतुर्थीला, श्रावणी सोमवारी पोळी-भाजी उरते आणि साबुदाण्याची खिचडी दहा वाजता संपते. महिनाअखेरीला थाळी कमी जाते, सुट्ट्या पोळ्या जास्त. हे मालकाला अंदाजानं माहीत असतंच. पण अंदाजावर माणूस सकाळचं पातेलं लहान करत नाही, लिहिलेल्या आकड्यावर करतो.

गॅसचंही तसंच. १९ किलोची व्यावसायिक टाकी जोडली की तिच्यावर खडूनं तारीख घालायची. आठ दिवस पुरणारी टाकी सहा दिवसांत संपू लागली तर बर्नर चोंदलेला आहे, नळी गळते आहे किंवा रिकाम्या तव्याखाली आच चालू राहते आहे. तिन्हींवर उपाय त्याच दिवशी करता येतो. गळतीच्या बाबतीत तर तो करायलाच हवा, तिथे प्रश्न पैशापुरता नाही.

आता जरा अवघड, पण सर्वांत जास्त फळ देणारा भाग. नगामागे नफा किती, हा प्रश्न अर्धाच आहे. पूर्ण प्रश्न असा, की जिथे काम अडतं त्या जागेच्या एका तासामागे नफा किती. पोळी-भाजी केंद्रात ती जागा म्हणजे तवा. समजा साधी पोळी १२ रुपयांना जाते आणि सगळा थेट खर्च वजा जाता ६ रुपये उरतात. पुरणपोळी ४० रुपयांना जाते आणि १६ उरतात. कुणीही म्हणेल, पुरणपोळी करा. पण एका तव्यावर तासाला साध्या पोळ्या ६० होतात आणि पुरणपोळ्या २०. तव्याचा एक तास साध्या पोळीला दिला तर ३६० रुपये मिळतात, पुरणपोळीला दिला तर ३२०. संध्याकाळी सात ते नऊ रांग लागलेली असताना पुरणपोळीचा तवा चढवणं म्हणजे तासाला ४० रुपये हातचे घालवणं. शिवाय रांगेतले दोघे-तिघे कंटाळून निघून जातात ते वेगळंच.

म्हणून पुरणपोळी बंद करायची का? मुळीच नाही. दुपारी दोन ते चार तवा रिकामा असतो. त्या वेळेत आदल्या दिवशी नोंदवलेल्या पुरणपोळ्या केल्या तर त्यांचे तासाचे ३२० रुपये निव्वळ भर घालतात. पदार्थ तोच, दर तोच, फक्त वेळ बदलली. होळीच्या आदल्या दिवशी मागणी इतकी असते, की आगाऊ पैसे घेऊन वेगळा दर लावला तरी लोक खुशीनं देतात. तव्यासारखी काम अडण्याची जागा प्रत्येक छोट्या धंद्यात असते. शिंप्याकडे ती कटाईचं टेबल असते, बेकरीत भट्टी, छापखान्यात बहुधा छपाईनंतरची बांधणी. कामाचा ढीग ज्या जागेच्या अलीकडे साचतो आणि जिच्या पलीकडे माणसं वाट बघत उभी असतात, ती अडण्याची जागा. बाकी सगळीकडे कितीही सुधारणा केल्या तरी ती मोकळी होईपर्यंत माल वाढत नाही.

घरपोच सेवेच्या अ‍ॅपचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. १६० रुपयांच्या थाळीला ६४ रुपयांचा माल लागतो असं धरू. दुकानात विकली तर ९६ उरतात. अ‍ॅपवर १२ रुपयांचं पॅकिंग आलं, २५ टक्के कमिशन धरलं तर ४० रुपये गेले, कमिशनवर १८ टक्के जीएसटीचे ७ रुपये २० पैसे गेले. ५ टक्के जीएसटीच्या पद्धतीत उपाहारगृहाला इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे हे ७ रुपये २० पैसे थेट खर्चातच पडतात. उरले ३६ रुपये ८० पैसे. स्वयंपाकघर रिकामं असताना हेही पैसे वाईट नाहीत. पण ऐन गर्दीत अ‍ॅपची थाळी आधी भरून समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. गर्दीच्या दोन तासांत अ‍ॅप बंद ठेवणं किंवा अ‍ॅपवर मोजकेच पदार्थ ठेवणं, हे दोन्ही करता येतं.

हे सगळं कागदावर उमटायला मालकाला एकदा आपल्याच दुकानात उभं राहून बघावं लागतं. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे जनक ताईची ओनो कारखान्याच्या जमिनीवर खडूनं वर्तुळ काढत, नव्या अभियंत्याला त्यात उभं करत आणि काय दिसतंय ते बघत राहायला सांगत. छोट्या धंद्यात मालक स्वतःच दहा कामं करत असतो, त्यामुळे काम बघण्याची संधी त्याला कधी मिळतच नाही. एक दिवस आपली जागा दुसऱ्याला देऊन कोपऱ्यात वही घेऊन उभं राहावं. मदतनीस डब्यांच्या झाकणांसाठी दर वेळी माळ्यावर चढतो, गिऱ्हाईक दर विचारतं कारण फलक दाराआड लपलाय, सुट्टे पैसे आणायला कुणीतरी दिवसातून चारदा शेजारी पळतं, अशा गोष्टी तेव्हा डोळ्यांत भरतात. त्यातल्या बऱ्याच गोष्टी कामगारांना आधीपासून ठाऊक असतात. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. दोष काढायला नाही, काम सोपं करायला उभे आहोत, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावं. नाहीतर त्या दिवशी सगळे नाटकी काम करतात आणि बघणं वाया जातं.

यंत्रशाळेत असा वाया जाणारा वेळ साचा किंवा हत्यार बदलण्यात जातो. १९६९ मध्ये टोयोटातल्या एका १,००० टनी प्रेसची जुळणी बदलायला चार तास लागत. अभियंते शिगेओ शिंगो आणि तिथल्या कामगारांनी तो वेळ आधी ९० मिनिटांवर आणि पुढे ३ मिनिटांवर आणला. त्यामागचा मूळ विचार आपल्या लेथवरही तंतोतंत लागू पडतो. यंत्र थांबवूनच करावी लागणारी कामं कोणती आणि यंत्र चालू असतानाच करून ठेवता येणारी कोणती, याची फोड करायची. ड्रॉइंग शोधणं, हत्यार धार लावून ठेवणं, गेज आणणं, पुढच्या जॉबचा माल यंत्रापाशी आणून ठेवणं ही सगळी दुसऱ्या प्रकारची कामं. बऱ्याच शेडमध्ये ती यंत्र थांबल्यावर सुरू होतात. पाना शोधण्यात गेलेली वीस मिनिटं कोणत्याही बिलात दिसत नाहीत.

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत नाकारलेल्या कास्टिंगचं असंच होतं. धातू परत भट्टीत जातो, म्हणून नुकसान फार नाही असं वाटत राहतं. पण एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन भट्टीला साधारण ६०० युनिट वीज लागते. युनिट ८ रुपयांना धरलं तरी ४,८०० रुपये झाले. तेवढी वीज दोनदा जळली, वाळू-मोल्डिंगची मजुरी बुडाली आणि गिऱ्हाइकाचा माल उशिरा गेला. नाकारलेल्या प्रत्येक नगावर कारण लिहून ठेवलं, वाळूतला ओलावा, वायूची छिद्रं, अपुरी भरती, तर महिन्याभरात एक-दोन कारणांच्या नावावर बहुतेक नग जमा झालेले दिसतात. आधी तेवढीच हाताळावीत.

माल चांगला, गळती कमी, तरीही हातात पैसा नाही, असं असेल तर तो उधारीत अडकलेला असतो. ५ लाखांचं बिल ९० दिवस थकलं आणि मालकाचं कॅश क्रेडिट खातं १२ टक्क्यांचं असलं, तर त्या एका बिलापायी जवळपास १५,००० रुपये व्याज जातं. दर ठरवताना हे व्याज कुणी धरत नाही. थकबाकीची यादी दर सोमवारी काढावी: ३० दिवसांच्या आतली, ३० ते ६० दिवसांची आणि त्यापुढची. तिसऱ्या गटातल्या गिऱ्हाइकाला पुढचा माल देण्याआधी फोन झालाच पाहिजे. फोन करायला संकोच वाटत असेल तर ते काम घरातल्या किंवा दुकानातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यावं.

कायदाही इथे उद्योजकाच्या बाजूनं उभा आहे आणि त्याचा वापर अजून पुरेसा होत नाही. ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला अथवा सेवा देणाऱ्याला २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्यानुसार लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज मागता येतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. २०२३ च्या वित्त कायद्यानं तर मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची खर्च म्हणून वजावट खरेदीदाराला पैसे चुकते केल्याच्या वर्षातच मिळेल, अशी तरतूद केली. मोठी कंपनी मार्चमध्ये घाईघाईनं बिलं चुकती करू लागते त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणून उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असावा. मात्र निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांची उद्यम नोंदणी प्राधान्यक्षेत्रातल्या कर्जापुरतीच धरली जाते. उशिराच्या पैशांचं हे संरक्षण त्यांना नाही. व्यापाऱ्यानं उधारीची मर्यादा स्वतःच आखून घ्यायला हवी. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांसाठी ‘ट्रेड्स’ हा रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचा मंच आहे. तिथे कंपनीनं मान्य केलेल्या बिलावर बँका आधीच पैसे देतात. २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०२४ च्या अधिसूचनेनं या मंचावर नोंदणी बंधनकारक केली आहे. आपलं गिऱ्हाईक त्यात बसतं का, एवढं विचारायला एक फोन पुरतो.

वीज, भाडं, विमा, फोन यांची बिलं वर्षातून एकदा नीट वाचली तरी पुरतं. वीजबिलात मंजूर भार आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी तफावत आहे का, यंत्रशाळेत पॉवर फॅक्टर घसरून बिल वाढतंय का, हे वायरमनला सोबत घेऊन तासाभरात कळतं. कपॅसिटर बसवण्यासारखे उपाय फार महाग नसतात.

माळ्यावर किंवा गोदामात पडलेला जुना माल हा लोकांना सर्वांत जड जाणारा विषय आहे. सहा महिने न हललेल्या मालावर शेंदरी चिकटपट्टी लावावी आणि त्याची खरेदी किंमत बेरजेत मांडावी. कापडाच्या, हार्डवेअरच्या, सुट्या भागांच्या दुकानात हा आकडा बघून बरेच जण गप्प होतात. खरेदी किमतीपेक्षा कमी पैशांत तो विकणं जिवावर येतं. पण फडताळ अडवून बसलेला माल विकून आलेल्या पैशांत चालणारा माल आणता येतो. दिवाळीआधीचे दोन आठवडे त्यासाठी उत्तम, कारण गिऱ्हाईक तेव्हा आपणहून दारात आलेलं असतं.

महिन्याच्या शेवटी हातात पाच-सहा कागद जमतात आणि सगळं एकदम बदलून टाकण्याची ऊर्मी येते. ती आवरावी. उंड्याचं माप, पुरणपोळीची वेळ आणि अ‍ॅपचे दर एकाच आठवड्यात बदलले तर फरक कशामुळे पडला ते कळत नाही, शिवाय कामगार गोंधळतात. ज्या बदलाला पैसा लागत नाही आणि जो रोजच्या कामाला शिवतो, तो आधी करावा. दोन-तीन आठवडे तोच कागद भरत राहावा आणि मग पुढच्याला हात घालावा. एखादा पदार्थ किंवा सेवा बंद करण्याआधी बिलं चाळून पाहावं, की तो घेणारे लोक सोबत आणखी काय नेतात. चटणीत काहीच उरत नाही म्हणून ती बंद केली आणि तिच्यासाठी येणारी, सोबत वीस पोळ्या नेणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, असं सहज होऊ शकतं.

वस्तूगणिक तक्ता एकदा तयार झाला की तो दर तीन महिन्यांनी, आणि तेल, पीठ किंवा गॅसचा दर बदलला की लगेच, पुन्हा भरावा. विवरणपत्रापुरते भेटणारे चार्टर्ड अकाउंटंट असतील तर वर्षातली एक भेट फक्त या तक्त्यासाठी मागून घ्यावी. जाताना सोबत वर्षभराची खरेदीची बिलं, थकबाकीची यादी आणि भिंतीवरून काढलेले उरलेल्या मालाचे कागद न्यावेत.